बेसा, हिंगणा रोड की कोराडी रोड? नागपुरात घरून काम करायचं तर भाड्याचं घर काय पाहून घ्यावं

सामान_बांधलंय

आम्ही दोघंही पूर्णवेळ घरून काम करतो. पुण्याचं भाडं आता झेपत नाही. कुठून लॉगइन करतो याच्याशी दोघांच्याही कंपन्यांना देणंघेणं नाही, म्हणून मार्चअखेर नागपूरला यायचं ठरलंय. एकाचे ग्राहक युरोपातले, त्यामुळे काम दुपारी साडेबारा ते रात्री नऊ. दुसऱ्याची अमेरिकेची शिफ्ट, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे तीन. म्हणजे रोज दोन-अडीच तास दोन खोल्यांत दोन मीटिंगा एकाच वेळी चालतात.

टू बीएचके हवं, मेंटेनन्स धरून १४ हजारांच्या आत. जाहिरातींत बेसा-बेलतरोडी, हिंगणा रोड आणि कोराडी रोड हे तीन भाग सारखे दिसतात. फोटोंत सगळीच घरं चकाचक. प्रत्यक्ष पाहायला एकच शनिवार-रविवार हाताशी आहे. नेट, वीज, पाणी, उन्हाळा यांबाबत नेमकं काय तपासायचं? आणि इथे सगळे म्हणतात तसं कूलरवर खरंच भागतं का, की एसी लावावाच लागतो?

मुक्काम_पोस्ट_बेसा

आधी भाग ठरवा, त्याला फार वेळ लागणार नाही.

आठवड्यातून तीन-चारदा सीताबर्डी, धरमपेठ, रेल्वे स्टेशन करणार असाल तर हिंगणा रोड. लोकमान्य नगर, बन्सी नगर, वासुदेव नगर ही मेट्रोच्या अॅक्वा लाइनची स्टेशनं आहेत. तिथून गाडी न बदलता झाशी राणी चौक, सीताबर्डी आणि पुढे नागपूर रेल्वे स्टेशन. मात्र एमआयडीसीच्या ट्रकच्या रस्त्याला लागून घर घेऊ नका, दोन गल्ल्या आत घ्या.

महिन्यातून दोन-चारदाच शहरात जाणं असेल तर बेसा, बेलतरोडी, घोगली, पिपळा. नवी बांधकामं जास्त, त्यामुळे त्याच भाड्यात खोल्या मोठ्या मिळतात. तोटा असा की वर्धा रोड आणि त्यावरची मेट्रो ही दोन्ही रेल्वे रुळांच्या पलीकडे आहेत. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असं जाहिरातीत असलं तर ती पाच मिनिटं गाडीची आहेत आणि मनीषनगरचा पूल मोकळा असतानाची आहेत. मोठा पाऊस झाला की नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचतं, तेव्हा दक्षिणेकडून शहरात यायला वळसा पडतो. घरून काम करणाऱ्याला हे रोज सोसावं लागत नाही, म्हणून तुमच्यासाठी माझं मत बेशाला.

कोराडी रोडवर मानकापूर, झिंगाबाई टाकळीपर्यंत ठीक. त्याहून पुढे गेलात तर कोराडी आणि खापरखेडा या दोन्ही औष्णिक वीज केंद्रांची दिशा लागते. तिकडे घर पाहताना बाल्कनीच्या कठड्यावरून आणि कूलरच्या रिकाम्या स्टँडवरून बोट फिरवून पहा. काळसर बारीक पूड लागली तर खिडक्या बंद ठेवून राहावं लागेल, आणि खिडक्या बंद ठेवल्या की कूलर चालत नाही. त्या घराला एसीच लागणार, तेव्हा भाड्यात तेही धरा.

आता घर. दक्षिणेकडचे बरेच लेआउट शेताच्या काळ्या मातीवर पडलेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीला तडे दिसले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली असेल तर मात्र ते घर सोडा. तळमजला असेल तर बाहेरच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का पहा, आणि नाला किती लांब आहे ते किराणा दुकानात विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या जुन्या, महागड्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. त्यामुळे ‘चांगला एरिया आहे’ हे पाण्याच्या बाबतीत उत्तर होत नाही.

सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत, दोन्ही एकाच घरात असतील तर भाडं दोन हजारांनी कमी असलं तरी घेऊ नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत आत ऊब सोडत राहतो. तुमच्यापैकी रात्रपाळीवाल्याला नेमकी तीच वेळ कामाची आहे.

पाणी: महापालिकेच्या हद्दीत नळाचं येतं. हद्दीबाहेरच्या फ्लॅट स्कीममध्ये अनेकदा फक्त बोअर असते. ‘पाणी चोवीस तास’ याचा अर्थ टाकी चोवीस तास भरलेली, एवढाच. प्रश्न असा विचारा: मे महिन्यात टँकर येतो का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून जातात की वेगळे घेतात? टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो सोबत ठेवा. पिण्याच्या पाण्याची मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी हजाराच्या पुढे दाखवत असेल तर गीझरच्या कॉइलवर खार बसणार आणि आरओची मेम्ब्रेन लवकर जाणार.

लाइनमन_नाही_पण

ताई-दादा, नेटचं मी सांगतो. लोक इथेच फसून राहिले.

‘घरात फायबर आहे’ हे मालकाचं वाक्य सोडून द्या. दारातून आत येणारी वायर हातात घेऊन पहा. चपटी किंवा बारीक काळी वायर आणि टोकाला हिरवा-निळा छोटा प्लग असेल तर ते खरं फायबर. साधी गोल, जाड, फोनच्या प्लगपेक्षा मोठा आठ पिनांचा पारदर्शक प्लग असलेली वायर असेल तर ती लॅन केबल. म्हणजे फायबर बिल्डिंगपर्यंतच आलंय, खाली जिन्यातल्या पेटीत एक स्विच बसवलाय आणि तिथून घरोघरी लॅन वाटलंय. हा फरक काहून महत्त्वाचा? फायबर घरोघरी फोडून देणाऱ्या पेटीतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. लाइट गेली तरी तुमच्या घरात इन्व्हर्टर असेल तर नेट चालतं. जिन्यातल्या स्विचला वीज लागते. तो कॉमन मीटरवर असतो, आणि जनरेटर असला तरी त्यावर बहुतेक लिफ्ट नि पाण्याची मोटारच असते. लाइट गेली की तुमचा लॅपटॉप चालू, राउटर चालू आणि नेट बंद. लॅनवालंच घर घ्यायचं असेल तर त्या पेटीत छोटा यूपीएस बसवून द्याल का, हे केबलवाल्याला आधीच विचारा.

दुसरं. दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. उपनगरांत तारा विजेच्या खांबांवरून आणि झाडांवरून जातात. गच्चीवर जा आणि दोन्ही तारा कुठून येतात ते डोळ्यांनी पहा. एकाच खांबावरून येत असतील तर सिमेंट रस्त्याचं खोदकाम किंवा मेअखेरचं वादळ दोन्ही एकदमच तोडेल. अशा ठिकाणी एक फायबर आणि दुसरं वेगळ्या कंपनीचं फाइव्ह-जी, हीच खरी जोडी.

सिमचा वेग दुपारी मोजू नका. रात्री आठ ते दहा, तुम्ही जिथे टेबल लावणार त्या जागी, दार लावून मोजा. डाउनलोडच्या आकड्यावर भाळू नका. मीटिंगला अपलोड दर माणशी ४-५ एमबीपीएस पुरतं, पण पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) सतत खालीवर होत असेल तर आवाज तुटतो. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण १ ते १.५ जीबी डेटा जातो. दिवसाला २ जीबीचं सिम एका लांबलेल्या मीटिंगमध्ये संपतं. बॅकअपवर आलात की कॅमेरा बंद करायचा, हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

तिसरं, कनेक्शन घेतल्यावर. राउटरच्या पानावर लॉगइन करून ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पहा. आकडा उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान हवा. उणे २७ च्या पलीकडे गेला की लाइन कधी चालेल, कधी नाही, आणि पाऊस पडला की हमखास जाईल. बसवायला आलेला मुलगा निघायच्या आधी हा आकडा त्यालाच दाखवा, सांधा तेव्हाच बदलून घ्या. नंतर तक्रार करत बसाल तर ‘सर, राउटर रिस्टार्ट करा’ एवढंच ऐकायला मिळेल. एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला तर मात्र रिस्टार्टने काही होत नाही, तार तुटलीय किंवा कुठे तरी मुडपलीय.

व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित मार्ग) जोडलं जातं पण आतली पानं अर्धवट उघडतात, असं झालं तर डेटाच्या पाकिटाचा आकार, म्हणजे एमटीयू, पहिले तपासा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायच्या) लाइनवर एमटीयू १४९२ असतो, व्हीपीएनचं वेष्टन त्यात मावत नाही. राउटरवर किंवा लॅपटॉपवर तो १४०० करून पहा, बहुतेक तिथेच सुटतं. आणि ऑफिसने ठरावीक आयपीलाच परवानगी दिली असेल तर स्टॅटिक (न बदलणारा) आयपी वेगळे पैसे भरून घ्यावा लागेल. बरेच छोटे ऑपरेटर एकच आयपी अनेक घरांत वाटतात.

सामान_बांधलंय

हे सगळं नवीन होतं, धन्यवाद. म्हणजे घरात इन्व्हर्टर हवाच. १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी सगळे सुचवतात, तिच्यावर दोघांचं काम आणि कूलर दोन्ही चालेल?

मुक्काम_पोस्ट_बेसा

हिशेब मांडून पहा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरची गळती धरून आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करता हाती येतात साधारण ११००. दोन लॅपटॉप १२०, राउटर १२, एक मॉनिटर २५, दोन जुने पंखे १४०, दोन दिवे २०. झाले ३१७ वॅट, म्हणजे साडेतीन तासांच्या आत खेळ आटोपला. पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) लावले तर १४० चे ६० होतात आणि तीच बॅटरी साडेचार तासांच्या पुढे जाते. इतक्या कमी खर्चात एवढा वेळ दुसऱ्या कशाने मिळत नाही. भाड्याच्या घरातही पंखे स्वतःचे लावा, जाताना काढून न्या.

हॉलचा मोठा कूलर पंपासकट २०० वॅटच्या आसपास. तो जोडला की अडीच तास राहतात तेही बीएलडीसी पंखे असतील तरच आणि एकाच खोलीत. शिवाय इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर कूलरची मोटार घरघरते आणि तापते, तेव्हा साइन वेव्हच घ्या. बॅटरी बाल्कनीत उन्हात ठेवू नका. एप्रिल ते जून दर महिन्याला पाण्याची पातळी पहा, डिस्टिल्डच घाला. आरओचं पाणी चालतं म्हणणारे लोक भेटतील, ऐकू नका.

राउटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस लावणार असाल तर वेष्टनावरच्या ८८०० एमएएचला भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, हाती ३० वॅट-तासांच्या आसपास येतात. १२ वॅटच्या राउटरला दोन तास, बस.

मालकाकडून मे महिन्याचं वीजबिल मागा. मागच्या महिन्यांचा वापर त्यातच छापलेला असतो, मंजूर भारही असतो. दीड टनाचा एसी लावायचा आणि मंजूर भार एक किलोवॉट, तर भार वाढवून कोण घेणार ते करारात लिहा. घराला महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे की मालकाच्या मीटरवरून सबमीटर, हेही पहा. सबमीटर असेल तर दोन घरांचे युनिट मिळून वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि तो दर तुमच्या माथी येतो.

वाळ्याची_ताटी

कूलर की एसी यावर इथे दरवर्षी भांडण होतं, म्हणून कारणासकट सांगते.

नागपूरचा मे कोरडा असतो. हवेत ४४ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देतो. तीच यंत्रणा जुलैत निकामी, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं. थोडक्यात होळीपासून मृगाच्या पावसापर्यंत कूलर. पावसाळ्याचं उकडणं सहन होत नसेल तर रात्रपाळीच्या खोलीत एक छोटा एसी. नवतप्यातही (मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतही) कूलर पुरतो, पण तीन गोष्टी नीट केल्या तरच.

पहिली, समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवं. आत आलेली ओली हवा बाहेर गेली नाही की अर्ध्या तासात खोली दमट होते, कागद मऊ पडतात आणि लोक म्हणतात कूलरच खराब. म्हणून घर पाहताना प्रत्येक खोलीला आमनेसामने दोन उघड्या जागा आहेत का ते पहा. एकच खिडकी आणि तीही डक्टमध्ये उघडणारी असेल तर तिथे कूलर विसरा.

दुसरी, ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवलेले ओले राहणारे पॅड. लाकडी भुश्याच्या ताट्या दर हंगामात बदलायच्या. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा भोकांचा पॅड) दोन-तीन हंगाम जातो, पण बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरा खार चढतो आणि भोकं बुजतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही साखळी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते, नुसतं वरून पाणी घातल्याने ती तुटत नाही.

तिसरी, शॉक. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. थ्री-पिन प्लग, अर्थिंग तपासलेलं आणि बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). आरसीसीबी नसेल तर मालकाकडून बसवून घ्या, नाहीच बसवला तर स्वतःच्या पैशाने बसवा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून पहा. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, प्लग काढायचा.

मीटिंगमधल्या आवाजाचं: कूलर टेबलाच्या मागे नको. त्याचा झोत लॅपटॉपवर आणि माइकवर येणार नाही असा बाजूला, वेग कमी, आणि तोंडाजवळचा हेडसेट माइक.

खामला_कट्टा

असहमत. दोघं आठ-आठ तास घरात आहेत, दोन कूलरना पाणी किती लागेल? मोठा कूलर मेमध्ये तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. दोन कूलर बारा तास चालले तर दिवसाला दोनशे लिटरच्या वर. जिथे टँकर येतो त्या स्कीममध्ये शेजारी महिनाभरात दारात येतील. पाण्याची खात्री नसलेल्या घरात एसीच परवडतो.

वाळ्याची_ताटी

पाण्याचा मुद्दा मान्य. नळ नसलेल्या घरात मीही एसीच सुचवेन. नळ असेल तर वीजबिलातला फरक पहा, २०० वॅट कुठे आणि दीड हजार वॅट कुठे.

दस्तवाला

कागदपत्रांवर अजून कोणी बोललं नाही.

‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य नागपुरात हमखास ऐकाल. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक मालक तयार होतात. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्क्यांनी काढलेलं व्याज यांच्या बेरजेवर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. ऑनलाइन होतं, आधारवर अंगठा देऊन घरबसल्या.

तुमच्यासारख्यांना याचा आणखी एक उपयोग. पगारदार असाल तर विषय नाही. पण फ्रीलान्स असाल आणि उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणीत व्यवसायाचा पत्ता म्हणून हेच घर दाखवावं लागतं. त्याला भाडेकरार आणि वीजबिल लागतं, अनेकदा मालकाचं संमतिपत्रही मागतात. करार करतानाच संमतिपत्रावर सही घेऊन ठेवा. नंतर मागितलं की ‘घर कमर्शियल होईल, टॅक्स वाढेल’ या भीतीने मालक टाळतात. परदेशी ग्राहकांना कर न लावता बिल द्यायचं असेल तर एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरायचं असतं. मार्चअखेर हलताय, तर ते सामानाच्या गडबडीत राहू देऊ नका.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे मालकाने द्यायची असते, ऑनलाइन होते, पोच मागून घ्या. करारात हेही लिहून घ्या: कूलरचा स्टँड, फायबरची तार आणि इन्व्हर्टरचं वायरिंग यांसाठी भिंतीला भोकं पाडायची परवानगी आहे, आणि त्याबद्दल डिपॉझिटमधून पैसे कापायचे नाहीत.

सामान_बांधलंय

शेवटचा प्रश्न. शनिवार-रविवारी घरं पाहायला दिवसाची कोणती वेळ चांगली?

लाइनमन_नाही_पण

दोनदा जा. दुपारी तीन ते चार पश्चिमेची भिंत हाताने पहा. रात्री नऊला सिमचा वेग, कुत्री आणि शेजारचं लग्नाचं लॉन पहा. मंगल कार्यालय जवळ असेल तर लग्नसराईत दहापर्यंत डीजे धरून चाला, तुमची युरोपची शेवटची मीटिंग त्यातच येते.

आणि एक राहिलंच. फायबरची तार कूलरच्या खिडकीतून आत घेऊ देऊ नका. बसवणारे सोपं म्हणून तिथूनच घेतात, मग कूलरचा पत्रा तिला दाबतो. उन्हाळाभर कशीबशी चालते, आणि जूनमध्ये कूलर बाहेर काढताना ओढली जाऊन तुटते. दुसऱ्या भिंतीला भोक पाडायला सांगा, कोपऱ्यावर तार काटकोनात न मुडपता निदान वाटीएवढं वळण द्यायला सांगा, आणि आत हातभर तार गुंडाळून शिल्लक ठेवायला लावा.